फळ्यावर तिसऱ्यांदा

आमच्या गावाला वर्तमानपत्र यायचं सकाळच्या एस.टी.नं, पण गावाची बातमी त्याच्या आधीच लागलेली असायची. महिला दूध संस्थेच्या बाहेरच्या भिंतीवर काळा फळा होता, आणि तो मी लिहायचे. कुणाचं रक्षाविसर्जन किती वाजता, शेतीची लाईट या आठवड्यात सकाळी का दुपारी, डोस पाजायला नर्सबाई कधी येणार, कुणाची शेळी चुकली, शिरोळची सहाची गाडी बंद का चालू, सगळं त्यावर. दूध घालायला येणाऱ्या बायका वाचायच्या. ज्यांना वाचता यायचं नाही त्या शेजारणीला कोपरानं ढोसून विचारायच्या, आणि सात वाजेपर्यंत बातमी नदीच्या घाटापर्यंत पोचलेली असायची. माझं अक्षर चांगलं होतं. गावात बी.ए. झालेली सून मी एकटीच होते, आणि ते मी कुणाला विसरूही दिलं नाही.

संस्था निघाली नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत. त्याआधी गावात पुरुषांची संस्था होती, लांब स्टँडजवळ. आता सांगा, शेण बायकांनी काढायचं, वैरण बायकांनी आणायची, धार बायकांनी काढायची, आणि सभेत खुर्चीवर बसून मिशीला पीळ द्यायचा दुसऱ्यांनीच. आमच्या डोक्यात गेलं ते. चाळीसेक जणींनी सह्या-अंगठे करून वेगळी संस्था काढली. चेअरमन झाल्या त्या आमच्या भावकीतल्या एक काकी. आवाज असा की माइकची गरज नाही. मी सेक्रेटरी. दूध मापायचं, तपासायचं, लिहायचं, आणि फळाही माझ्याकडेच. पुरुष पारावर बसून म्हणायचे, तीन महिन्यांत झिंज्या ओढून बंद पाडतील. आम्ही दोन वर्षं नेटानं चालवली.

मग एका हिवाळ्यात तालुक्याच्या शीतकरण केंद्रावरून आमचे दोन कॅन परत आले. पाणी आहे म्हणून. आठवड्यानं पुन्हा एक आला. कॅन परत येणं म्हणजे काय, हे दुधाच्या गावातल्या माणसालाच कळेल. गाडीवाला तो कॅन चौकात उतरवतो, सगळ्या गावादेखत. पारावरून कुणीतरी म्हणालं, "बायकांनी दुधाची न्हाय, पाण्याची संस्था काढलीया." सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कॅन आत ओढताना माझ्या पायावर दूध सांडलं, ते पुसायचंही भान मला नव्हतं.

त्याच संध्याकाळी आम्ही सभा घेतली आणि नियम केला. खरं सांगते, नियम माझाच होता, दुसऱ्या कुणाच्या डोक्यात तो आलाही नसता. ज्या बाईच्या दुधात पाणी सापडेल तिचं नाव फळ्यावर लिहायचं, नवऱ्याच्या नावासकट पूर्ण. तिसऱ्यांदा नाव लागलं की दूध कायमचं बंद. काकी म्हणाल्या, "लई कडक हुतंय ग." मी म्हटलं, कडक नको असेल तर उद्यापासून पारावरच्यांना बोलवा, तेच चालवतील संस्था. मग सगळ्यांनी हात वर केले. अक्कानं पण केला.

ही अक्का आमच्या भिंतीपलीकडची. संस्थेची खोली आणि तिचा गोठा, मध्ये एकच भिंत. लिंगायतांचं घर, घरात कानडी बोलायचे, बाहेर आमच्यासारखंच मराठी. ती मला तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. नवरा कबनूरला मागावर कामाला, सुट्टीच्या दिवशी तेवढा यायचा. घरात ती, नववीतली मुलगी आणि एक म्हैस. तोंडाची फटकळ, पण मनात काही नाही. पहिल्या दिवसापासून आमच्या संस्थेत पहिलं माप अक्काचं. तसं मीच ठरवलं होतं. तिचं दूध आधी पडलं की त्या दिवशी कॅन भरून जातो असं आम्ही मानायचो, आणि तिचं घर जवळही होतं. माझ्या कुलपाचा आवाज झाला की ती धारेला बसायची. मी खोली झाडून कॅन धुऊन ठेवेपर्यंत किटली घेऊन दारात हजर.

दूध तपासायला आम्ही डिग्री आणली. लॅक्टोमीटर त्याचं नाव, पण गावात सगळे डिग्रीच म्हणतात. काचेची नळी, खाली जड, वर आकडे. दुधात सोडली की तरंगते. दूध चांगलं असेल तर वर राहते, पाणी असेल तर खाली बुडते. अठ्ठावीसला पास, त्याखाली नापास. रोज सगळ्यांचं बघणं जमायचं नाही, म्हणून आठ दिवसांतून एकदा लावायची. वापरायची कशी ते मी पुरुषांच्या संस्थेतल्या तपासनिसाकडून शिकून आले. तो बिचारा सावकाश समजावत होता, आणखी काहीतरी सांगणार होता. मी म्हटलं, कळलं, एवढं काय त्यात. आणि नळी रुमालात गुंडाळून निघाले.

पहिल्याच आठवड्यात अक्काचं दूध सव्वीसला आलं. मला वाटलं माझंच चुकलं. परत नळी सोडली, परत सव्वीस. तिसऱ्यांदा सोडून बघावीशी वाटली. पण मागे बायकांची रांग, आणि रांगेत काकी. मी नाव लिहिलं. अक्काला वाचता येत नव्हतं. ती किटली हलवत घरी गेली आणि थोड्या वेळानं मुलीला घेऊन परत आली. मुलीनं फळा वाचला आणि कानडीतून आईला सांगितलं. अक्का पदर तोंडाला लावून फळ्याकडे बघत उभी राहिली, आणि मी आत हिशेबाच्या वहीत मान घालून बसले.

त्या महिन्यात आणखी दोघींची नावं लागली. त्या भांडल्या, शिव्या दिल्या, नवरे घेऊन आल्या आणि शेवटी गप्प झाल्या. पण आठ दिवसांनी अक्काचं नाव दुसऱ्यांदा लागलं आणि गावात कुजबुज सुरू झाली. अक्काला मुलगी दोन वर्षांत उजवायची होती. आमच्याकडे सोयरीक जुळवताना आधी विचारतात घर कसं आहे, आणि दुधात पाणी घालणाऱ्यांचं घर ही काही एका दिवसात विसरायची गोष्ट नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणूनच मी चिडत होते. हिनं असं का करावं? पहिलं माप हिचं, मान हिचा, आणि हिनंच आमचं तोंड काळं करावं?

दुसऱ्या नावाच्या संध्याकाळी अक्का माझ्या घरी आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. लिंग हातात धरून लिंगायत बाई खोटं बोलत नाही, हे आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल. ती म्हणाली, पाण्याचा एक थेंब घातला नाही. मी म्हटलं, अक्का, तसं सगळ्याच म्हणतात. हे बोलल्यावर माझी मलाच लाज वाटली, पण शब्द माघारी घ्यायची मला सवय नव्हती.

"मग तू सोता ये," ती म्हणाली. "उद्या गोठ्यात बस माझ्या शेजारी. मी धार काढताना बघ. तेच दूध घिऊन आपण दोघी जाऊ. मग डिग्री काय म्हणंल ते मला मान्य."

मी हो म्हटलं. मला हायसंच वाटलं. बातमी मात्र माझ्या आधी काकींच्या घरी पोचली, आणि रात्रीच्या जेवणाच्या आत गावाला कळलं होतं की उद्या अक्काची परीक्षा आहे.

सकाळी मी गेले तेव्हा संस्थेच्या दारात रोजच्यापेक्षा आधीच दहा-बारा बायका येऊन उभ्या होत्या. मी गोठ्यात गेले. अक्कानं किटली माझ्या हातात दिली. मी आत हात घालून बघितली, पालथी केली, पदरानं पुसून कोरडी केली. बादली नव्हती, पाण्याचा तांब्या तेवढा होता. त्यातल्या पाण्यानं तिनं कास धुतली, माझ्यादेखत फडक्यानं कोरडी केली आणि तांब्या मला बाहेर ठेवायला लावला. रेडकू सोडलं, पान्हा आला, रेडकू बांधलं. मग ती बसली. मी तिच्या उजव्या बाजूला, गुडघ्याला गुडघा लावून. म्हैस बिथरली होती, एकदा पाय झाडला तिनं. अक्का तिला कानडीतून समजावत होती. किटलीत धार पडायला लागली. फेस वर येत गेला. मी एका क्षणासाठीसुद्धा नजर हलवली नाही. त्या दुधात पाणी पडलं नाही. हे मी आज सांगत नाही, त्या वेळीच मला ठाऊक होतं.

किटली मी माझ्या हातानं उचलली आणि आम्ही दोघी दहा पावलं चालून खोलीत आलो. बायका बाजूला झाल्या. काकी टेबलाला टेकून उभ्या होत्या. मी भांड्यात दूध ओतलं. तेवढ्यात लांब पुलावर दूधगाडीचा हॉर्न वाजला. आज गाडी का लवकर आली होती देव जाणे.

"तंगी, जरा थांब की," अक्का म्हणाली. "फेस तरी बसू दे."

मी म्हटलं, गाडी आली, थांबायला वेळ कुठाय. फेस बाजूला केला आणि नळी सोडली.

नळी बुडाली. पंचवीस. मी वर काढून पुसली आणि परत सोडली. पंचवीस. मागच्या दोन वेळेपेक्षाही कमी.

मी नळीकडे बघत होते. माझे डोळे एक सांगत होते आणि काच दुसरं. काकींनी विचारलं, "किती?" आणि माझ्या तोंडून आकडा निघाला. मागून कुणीतरी च्च् केलं. मी स्वतःला काय समजावलं, ऐका. कासेला पाणी राहिलं असेल. मी कोरडी होताना बघितली होती, तरी. म्हशीला रात्री काहीतरी चारलं असेल. काहीही. आकडा खोटा असेल हे मात्र माझ्या मनाला शिवलं नाही, कारण आकडा खोटा म्हटला तर नियम खोटा, आणि नियम माझा होता.

मी खडू घेतला. बाहेर गेले. तिसऱ्यांदा नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, आजपासून दूध बंद. माझं अक्षर त्या दिवशीही चांगलंच आलं.

अक्का आतच उभी होती. मी परत आले तेव्हा तिनं भांड्यातलं दूध किटलीत ओतलं, झाकण लावलं आणि माझ्या अंगावरून बाहेर गेली. रडली नाही, भांडली नाही. मला वाटलं होतं ती कांगावा करेल, मग मला दोन शब्द सुनावता आले असते. तिची मुलगी त्या दिवशी शाळेला गेली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही.

चार दिवसांनी अक्का पुरुषांच्या संस्थेत दूध घालायला लागली. आमच्या दारावरून किटली घेऊन, सबंध गल्ली, चावडी, मारुतीचं देऊळ ओलांडून स्टँडपर्यंत. तिथं तिचं दूध तीसला लागलं. रोज तीस, नाहीतर साडेएकोणतीस. आमच्याकडे ही बातमी आली तेव्हा बायका म्हणाल्या, बघा, फळ्यानं सुधारली. मीही तेच म्हटलं. हसून म्हटलं, तेही सांगते. आणि खरंच त्यानंतर आमचा कॅन परत आला नाही. जी कुणी पाणी घालत होती ती अक्काचं झालेलं बघून घाबरली असेल. पण सगळ्या गावानं दोन आणि दोन जोडून टाकले, की अक्का गेली आणि पाणी गेलं.

तालुक्याच्या पेपरचा वार्ताहर आमच्याच गावचा, शाळामास्तर. त्यानं आतल्या पानावर चार ओळी छापल्या, महिला दूध संस्थेच्या फळ्याचा धाक, भेसळ थांबली. नाव नव्हतं, पण नाव कशाला लागतं? पारावर ती बातमी मोठ्यानं वाचली गेली. माझ्या सासऱ्यांनी कात्रण भिंतीतल्या देवळीत ठेवलं. अक्का आता मला तंगी म्हणत नव्हती. समोर आले तर सेक्रेटरीबाई म्हणून बाजूला व्हायची.

पाच-सहा महिन्यांनी कोल्हापूरला दूध संस्थांच्या सेक्रेटरींचं दोन दिवसांचं शिबिर होतं. मोठा हॉल, वर पंखे, चहा-पोहे. शिकवायला एक म्हातारे साहेब होते, सावकाश बोलणारे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते डिग्रीवर आले. जेवणं झाली होती, निम्म्या बायका पेंगत होत्या. ते म्हणाले, धार काढल्या काढल्या डिग्री लावू नका. दूध गरम असतं, त्यात हवा असते, नळी जास्त बुडते. चांगलं दूधही पाण्याचं दिसतं. आधी गार होऊ द्या, फेस बसू द्या, मग बघा.

मी हात वर केला. फरक किती पडतो म्हणून विचारलं. ते म्हणाले, दोन-तीन डिग्री सहज पडतो, म्हणून लांबच्या सभासदाचं दूध पास होतं आणि शेजारच्याचं नापास, बऱ्याच ठिकाणी ही चूक होते. आणि ते हसून पुढच्या विषयाकडे गेले.

मी वही मिटली. शेजारच्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाही का. मला दिसत होती ती रांग. मळ्यातून, वस्तीवरून अर्धा-अर्धा तास चालून आलेल्या बायका, किटल्या खाली ठेवून गप्पा मारत उभ्या. सगळ्यांची दुधं गार. आणि रोज सगळ्यांत आधी, दहा पावलांवरून, वाफ निघणारी अक्काची किटली. पहिलं माप तिचं, ते मीच ठरवलेलं. आणि आता स्टँडपर्यंत चालत गेल्यावर, रांगेत उभं राहिल्यावर तिचं दूध तीस.

परतीच्या एस.टी.त मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. वाईट वाटेल तुम्हाला, पण सांगते. मी देवाकडे मागत होते की अक्कानं खरंच पाणी घातलेलं असू दे. थोडंसं का होईना, एकदा का होईना. म्हणजे मला काही करायला नको.

घरी गेल्या गेल्या मी आमच्याच म्हशीची संध्याकाळची धार काढली. पिशवीतून नळी काढली, चुलीसमोर बसून गरम दुधात सोडली. साडेपंचवीस. सासूबाई म्हणाल्या, आता काय घरच्यांची परीक्षा घेतीस व्हय? मी भांडं झाकून ठेवलं. भाकरी थापल्या, जेवणं वाढली, भांडी घासली. मग परत नळी सोडली. साडेअठ्ठावीस. मी तिथंच जमिनीवर बसले. सासूबाई विचारत राहिल्या, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, माझं चुकलं. मला वाटतं त्या घरात हे शब्द मी पहिल्यांदाच उच्चारले.

सकाळी दूध मापून झाल्यावर मी काकींना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटलं. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. त्यांनी मला शांतपणे विचारलं, आता हे सांगून काय मिळणार? अक्काचं दूध तिकडं लागतंय, तिचं काही अडलेलं नाही. बाकीच्या दोघी उद्या नवरे घेऊन दारात येतील. पारावरचे म्हणतील, ह्यांना साधी डिग्री लावता येत नाही. पेपरात छापून आलंय, ते आता उलटं छापायचं? संस्था बुडली तर चाळीस घरांचं दूध परत पुरुषांच्या खुर्चीखाली जाणार.

"अक्कासाठी चाळीस जणींना बुडवनार हाईस?" त्या म्हणाल्या. "फळा संस्थेचा हाय, तुझ्या घरचा न्हाय."

मी म्हटलं, काकी, नाव लिहिताना तो माझ्या घरचा होता, तेव्हा कुणी अडवलं नाही. त्या चिडल्या. मीही चिडले. दोघी इतक्या मोठ्यानं बोललो की बाहेरची म्हैस ओरडायला लागली. शेवटी त्या म्हणाल्या, लिही जा, पण संस्थेचं नाव खराब होईल असं काही लिहू नको. नीट लिही. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी या संस्थेसाठी सासरच्यांशी वैर घेतलं होतं, मला ठाऊक होतं.

म्हणून मी नीट लिहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, कुणी यायच्या आधी, सगळा फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात अक्काचं पूर्ण नाव घातलं. या सभासदाच्या दुधात पाणी नव्हते. दूध गरम असताना डिग्री लावल्यामुळे नळीचा आकडा चुकीचा आला. संस्था दिलगीर आहे. तीन वेळा वाचून बघितलं. त्यात कुठेही खोटं नव्हतं. मला तर वाटलं, माझ्याएवढा मोठेपणा आणखी कोण दाखवेल.

बायका यायला लागल्या. वाचून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. त्या दोघींपैकी एक कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि आमचं?" मी म्हटलं, तुमची दुधं मळ्यातून यायची, गार यायची. ती काहीतरी पुटपुटली आणि मागं सरली. सगळ्यांचं लक्ष अक्काच्या दाराकडे होतं.

थोड्या वेळानं अक्का किटली घेऊन बाहेर आली. रोजच्यासारखी मान खाली घालून जायला निघाली. मी पुढं झाले आणि म्हटलं, अक्का, तुझं नाव लिहिलंय. ती थांबली. तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. चौथ्यांदा, असं तिला वाटलं असणार. मी घाईनं म्हटलं, नाही नाही, चांगलं लिहिलंय. तिनं फळ्याकडे बघितलं. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचून दाखवलं. गल्लीत, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. गरम दूध, नळी, चुकीचा आकडा, संस्था दिलगीर. शेवटपर्यंत वाचलं. बायका अक्काकडे बघत होत्या. तिनं किटली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा मला शिव्या देईल, किंवा काहीच न बोलता हात धरेल. मी तयार होते सगळ्याला.

"नळी चुकली म्हंतीस," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "नळीला काय कळतंय. काच हाय ती. पर तू तर माझ्या शेजारी बसलतीस की. गुडघ्याला गुडघा लावून. तू बघितलं हुतंस."

ती आणखी थोडी थांबली, मी काही म्हणते का ते बघायला असेल. मग तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि चावडीच्या दिशेनं चालायला लागली.

मी ओलं फडकं घेतलं आणि ते सुंदर अक्षरातलं सगळं पुसून काढलं. काकी आतून म्हणाल्या, काय करतीस? मी खडू उचलला. अक्षर वेडंवाकडं आलं. लिहिलं, हिच्या दुधात पाणी नव्हतं हे मी समोर बसून माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. तरी मी हिचं नाव लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव घातलं, नवऱ्याच्या नावासकट. लिहून वळले तेव्हा अक्का चावडीचा कोपरा वळून गेली होती.

ते तिला कुणी वाचून दाखवलं का, मला कधी कळलं नाही, आणि विचारायचं धाडस मी केलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढलं तेव्हा भिंतीपलीकडे किटलीत धार पडत होती. मी खोली झाडून कॅन धुऊन ठेवला आणि दारात थांबले. ती बाहेर आली, माझ्यासमोरून गेली आणि दूध घेऊन स्टँडकडे चालत राहिली.